शेंडा फिका, बुडखा गोड

शेतकरी मेळाव्यात असो की वर्गात, मी वनस्पतीशास्त्र शिकवते म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. ऊस एकच, पानं वर शेंड्याला, साखर तयार होते तीही पानांतच. मग शेंड्याकडची कांडी फिकी आणि बुडख्याकडची गोड, असं का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पानात तयार झालेली साखर खोडात उतरते तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक, साठून राहायचं. दुसरी, उसाचं अंग व्हायचं. शेंड्याकडची कांडी अजून लांबत असते, तिथे जवळजवळ सगळी साखर दुसऱ्या वाटेने जाते. इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) साखरेच्या एका रेणूचे दोन करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. विरघळलेले रेणू दुप्पट झाले की पेशी जास्त पाणी ओढते, फुगते आणि कोवळी भिंत ताणली जाते. मला या योजनेचं आजही नवल वाटतं. कांडं लांबतं ते याच दाबावर.

पण नुसती ताणून भिंत पातळ होईल, तिच्यात भर पडायला हवी. इथे दुसरं विकर येतं, सुक्रोज सिंथेज. ते साखर फोडतं आणि त्यातून यूडीपी-ग्लुकोज मिळतं. हा पदार्थ अर्जेंटिनाच्या लुई लेलुआर यांच्या प्रयोगशाळेत 1950च्या सुमारास सापडला. अशा पदार्थांवरच्या कामासाठी लेलुआर यांना 1970चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या आकाराचे विकरांचे पुंजके असतात. ते यूडीपी-ग्लुकोजमधलं ग्लुकोज एकापुढे एक जोडत भिंतीत धागा सोडत जातात. तो धागा म्हणजे सेल्युलोज. तेच ग्लुकोज, पण जोडणी अशी की आपल्या जिभेला ते गोड लागत नाही, पोटाला पचत नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना मात्र पचतं, म्हणून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोठ्यात जातात.

खालची कांडी लांबायची थांबलेली असते. तिच्या भिंती जाड होऊन लिग्निन या लाकडाला कठीण करणाऱ्या पदार्थाने कडक झालेल्या असतात, इन्व्हर्टेजचा जोर ओसरलेला असतो. आता उतरणारी साखर फोडायला फारसं कोणी नाही. ती अखंड राहते आणि पेशीतल्या रसाच्या पिशवीत, रिक्तिकेत, साठते. बुडखा गोड तो यामुळे.

थंडी पडली की उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, का वाढतो, याचं उत्तरही यातच आहे. गारठ्याने वाढ मंदावते, पानांचं काम मात्र बऱ्यापैकी चालू राहतं. जी साखर कांड्या वाढवण्यात गेली असती ती साठते. म्हणूनच मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची शेवटची भर दिल्यावर, युरिया टाकू नका, असं मी पुन्हा पुन्हा सांगते. उशिरा नत्र मिळालेला ऊस हिरवागार दिसतो, पण साठवायची साखर नव्या कांड्यांवर खर्च करतो. आणि तोडलेला ऊस एका दिवसाच्या आत गाळावा, कारण तोडल्यावरही इन्व्हर्टेज थांबत नाही.

यावर कोणीतरी म्हणतंच, मग चिपाड कमी आणि साखर जास्त असा वाण काढा! शंभर किलो उसात साधारण 70 किलो पाणी, 12 ते 15 किलो तंतू आणि साखर जवळपास तेवढीच, म्हणून हा विचार मनात येणं साहजिक आहे. पण चिपाडाला टाकाऊ म्हटलेलं मला पटत नाही. दोन-अडीच माणसं उंच, रसाने जड झालेला ऊस चिपाडातल्या त्या पेशीभिंतींवरच उभा असतो. आपल्याकडचा जुना पुंड्या ऊस जाड, मऊ, चावून खायला उत्तम. पण तसल्या मऊ, रसाळ उसांना रोग फार लवकर गाठतात. 1912 साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड गोड ऊस आणि रानटी, गवतासारखा बारीक, चिवट ऊस यांचा संकर केला. त्यातून को 205 हा वाण निघाला. आज आपल्या शिवारात उभा असलेला को 86032 हाही कोइमतूरचाच, आणि आजच्या अशा वाणांच्या गुणसूत्रांत त्या रानटी उसाचा वाटा ढोबळमानाने 10 ते 20 टक्के असतो.