नळीत उरलेली हवा

आमच्या फिजिक्सच्या बाई फळ्यावर कमी लिहीत, हाताने जास्त दाखवत. अकरावीत एकदा प्रयोगशाळेचे काळे पडदे ओढून त्यांनी एक लाकडी फळी समोर ठेवली. तिच्यावर काचेच्या सहा नळ्या ओळीने बसवलेल्या, प्रत्येकीतला हवेचा दाब आधीचीपेक्षा कमी. नळ्यांना हजारो व्होल्टचा दाब देणारी इंडक्शन कॉइल तडतडू लागली की पहिल्या नळीत नुसत्या जांभळ्या ठिणग्या वळवळायच्या. पुढे गुलाबी उजेडाचा सलग खांब, मग त्याच्या चकत्या, आणि शेवटच्या नळीत आत काळोख, काच मात्र हिरवट चमकणारी.

"कॉइल तीच, मग हे असं का रे?"

उत्तर टकरींत होतं. दाब जास्त असला की इलेक्ट्रॉन वेग घेतो न घेतो तोच रेणूवर आदळतो. दाब उतरला की धाव लांबते, रेणू फोडण्याइतकी ऊर्जा जमते. फारच उतरला तर वाटेत कुणी भेटतच नाही, स्वारी थेट काचेवर. बाईंनी चुंबक जवळ नेला आणि हिरवा डाग बाजूला सरकला.

काचेवर आदळणारा हा इलेक्ट्रॉनांचा झोत म्हणजे कॅथोड किरण. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झला १८८३ मध्ये हे किरण विद्युत क्षेत्राने वळवता आले नव्हते, हेही बाईंनीच सांगितलं. नळीत उरलेल्या वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ते क्षेत्र झाकून टाकत. जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये हवा आणखी उपसली, आणि किरण वळले. पुस्तकात थॉमसन असतो, पंप नसतो. माझ्या मते अर्धं श्रेय पंपाचं.

पुढे मी गॅस डिटेक्टरच्या, म्हणजे वायूच्या मदतीने सूक्ष्म कण टिपणाऱ्या यंत्रांच्या, कामात पडलो. तिथे वायू मुद्दाम भरतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या ॲलिस प्रयोगाचा, वायूने भरलेला पाच मीटर लांबीचा पिंप घ्या: वेगवान कण वायूतून जाताना मागे इलेक्ट्रॉन सुटे करतो, आणि सेंटीमीटरला ४०० व्होल्टचं क्षेत्र त्यांना टोकाकडे ओढतं. दादरच्या पुलावरच्या गर्दीसारखे धक्के खात, पण सरासरी एकाच संथ वेगाने, अडीच मीटर जायला त्यांना सुमारे ९० मायक्रोसेकंद लागतात. किती वेळ लागला यावरून कण कुठून गेला ते कळतं. चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्राला समांतर ठेवलेलं, म्हणून मूळ कणाची वाट वाकते, पण हे इलेक्ट्रॉन भरकटत नाहीत.

खरा वैरी ऑक्सिजन. तो वाटेतच इलेक्ट्रॉन गिळतो, म्हणून दहा लाखांत चार-पाच भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे आम्हा डिटेक्टरवाल्यांचा बराचसा दिवस गळती शोधण्यात जातो.