वजन किती झालं? तुम्ही विचारलंत म्हणून

मुलगी अकरा महिन्यांची झाली. एवढ्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न तिच्या नावाचा नाही, झोपेचा नाही, वजनाचा आहे. "वजन किती झालं?" भाजीवाल्या मावशी विचारतात, शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका विचारतात, लग्नात पहिल्यांदाच भेटलेली नवऱ्याच्या चुलत आत्याची सून विचारते. पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच, "बारीक वाटते गं." आकडा सांगितला तर "एवढंच?" आणि नाही सांगितला तर मी काहीतरी लपवतेय. आमच्या सासूबाईंचं तर दोन्हीकडून असतं. दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत फोन करून वजन विचारतात आणि त्याच दमात बजावतात, "कुणाला सांगत बसू नकोस, नजर लागते." तर आता सगळ्यांना एकदमच सांगून टाकते. दृष्ट त्या काढतीलच.

७ किलो ३०० ग्रॅम.

झालं? या आकड्यावरून तुम्हाला माझ्या मुलीबद्दल काय कळलं, ते सांगा. मला विचाराल तर फारसं काहीच नाही. कळायला मागचे आकडे लागतात. जन्माच्या वेळी ती २ किलो ६०० होती. दीड महिन्याच्या लसीला ३ किलो ८००, साडेतीन महिन्यांच्या लसीला बरोबर ५, सहा महिन्यांना ६ किलो १०० आणि गोवराच्या लसीला, म्हणजे नऊ महिने पूर्ण झाल्यावर, ६ किलो ९००. सरकारी कार्डात आत एक तक्ता असतो. आडवे महिने, उभे किलो, आणि मध्ये हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे. पुष्कळ घरांत ते कार्ड फक्त पुढच्या लसीची तारीख बघायला उघडलं जातं आणि तक्त्याचं पान कोरंच राहतं. आमच्या कार्डावर डॉक्टरांनी पेनाने ठिपके देऊन ते जोडले. रेघ हिरव्या पट्ट्याच्या खालच्या भागातून जाते. पहिल्या दिवशी जिथे होती तिथूनच, पट्ट्याला समांतर, वर चढत. "ही हिची रेघ. हिने ती सोडली तर मला काळजी, नाही तर नाही," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या तक्त्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्या आयांच्या काळात डॉक्टर ज्या रेघांशी बाळं ताडून बघत, त्यांतल्या सगळ्यांत प्रसिद्ध रेघा १९७७ सालच्या अमेरिकेतल्या होत्या. त्यांतला लहान बाळांचा भाग ओहायोमधल्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेला होता, आणि ती बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. बाटलीवरची आणि अंगावर पिणारी बाळं एकाच चालीने वाढत नाहीत. अंगावरची सुरुवातीला झपाट्याने वाढतात आणि तीनचार महिन्यांनंतर चाल मंदावते. त्यामुळे चांगलं खेळतं, हसतं बाळ त्या तक्त्यावर मागे पडल्यासारखं दिसायचं, आईला सांगितलं जायचं की तुझं दूध कमी पडतंय, आणि घरात डबा यायचा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. अट अशी, की बाळ आईच्या दुधावरचं हवं, आई सिगारेट ओढणारी नको, घरची परिस्थिती वाढीला आड येणारी नको. त्यातून २००६ मध्ये नवे तक्ते आले, आणि आपल्या कार्डात आज तेच आहेत. त्यात कळलेली गंमत अशी, की पोटाला नीट मिळालं आणि आजारपण आवरलं, तर दिल्लीचं काय आणि ऑस्लोचं काय, पहिल्या पाच वर्षांत मुलं जवळपास सारखीच वाढतात.

म्हणून "आपली मुलं बारीकच असतात" हे वाक्यही मला पटत नाही, आणि "शेजारच्याचं बघ कसं गुटगुटीत आहे" हेही नाही. त्या तक्त्यात नऊ महिन्यांची मुलगी ६ किलो ५०० ची असली तरी ती सीमेच्या आत असते, आणि मधली रेघ ८ किलो २०० ची आहे. मधली म्हणजे मधली. निम्म्या धडधाकट मुली तिच्या खालीच असणार, त्याशिवाय ती मधली कशी होईल? शाळेत गणित शिकवते मी, तरी हे वाक्य घरच्यांच्या गळी उतरवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. गुटगुटीत बाळाचं चित्र आपल्या डोळ्यांत इतकं पक्कं बसलंय की बाळांच्या दुधाच्या डब्यावर बाळाचा फोटो छापायला १९९२ च्या कायद्याने बंदी घालावी लागली.

आता रोजचं सांगते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. वजन वाढण्याचा वेग पुढे आपोआप उतरतो. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम, आणि वर्षाच्या आसपास जेमतेम दहा. बाळ रांगायला लागतं, उभं राहायला बघतं, जे खाल्लं ते तिथे खर्च होतं. आमची बाई सकाळी उठल्यापासून कांद्याबटाट्याच्या टोपलीकडे निघालेली असते. टोपली वर ठेवली की चपलांकडे. आता तर चिमटीत धरून जमिनीवरचा मोहरीचा दाणासुद्धा उचलते आणि सरळ तोंडात घालते. झाडून काढलेल्या स्वयंपाकघरात इतकं काय काय पडलेलं असतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

या वयात आईच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून साधारण तीनशे उष्मांक लागतात. सहा ते आठ महिन्यांत दोनशेच्या आसपास. ऐकायला फार नाही वाटत, पण पोट केवढं ते बघा. किलोला तीस मिलिलिटर असा हिशेब धरतात. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट आमटीच्या एका वाटीएवढं. त्या वाटीत तुम्ही वरणाचं पाणी भरलंत तर पोट भरेल, बाळ मान फिरवेल आणि आत गेलेलं असेल नुसतं पाणी. तेवढ्याच आईच्या दुधात याहून कितीतरी जास्त मिळतं. वरणाच्या पाण्यावर माझा खरा राग आहे. उष्टावणाच्या दिवशी मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, सगळ्यांनी फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात जो तो म्हणायला लागला, "आधी वरणाचं पाणी दे, पचायला हलकं." हलकं आहे, कारण त्यात काही नाही. आमच्या आशाताईंनी एक सोपी खूण सांगितली. चमचा तिरका केला तरी खाली पडणार नाही इतकं घट्ट हवं. मग त्यात तूप.

आमचं सध्याचं खाणं सांगते, पण हे पथ्यपत्रक समजू नका. सकाळी नाचणी केळ्यात कालवून. दुपारी वरणभात मऊ कुस्करून, त्यात भोपळा नाही तर पालक, वर साजूक तूप. चार वाजता दही किंवा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. रात्री मुगाची खिचडी, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. कूट म्हणजे पीठच. अख्खा शेंगदाणा, चणे, फुटाणे अजून कित्येक वर्षं नाहीत, ते श्वासनलिकेत अडकतात. मध वर्षाच्या आत नाही, गुटीतही नाही. याच्या जोडीला ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज आणि लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, कारण जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो. लोहाने शी काळी होते. पहिल्यांदा बघून आजोबा घाबरले होते.

हे सगळं ती खाते का? तुम्हाला काय वाटतं? निम्मं भुवयांना, थोडं माझ्या ओढणीला, थोडं फरशीला. काही दिवस सगळी वाटी फस्त, आणि मग दात यायला लागले की तीन दिवस दुधाशिवाय काही नको. त्या तीन दिवसांत वजन केलं तर रडायचीच पाळी. आणि काटे तरी कुठे एकमेकांशी बोलतात? आरोग्य केंद्रातल्या काट्यावर आणि डॉक्टरांच्या काट्यावर एकाच दिवशी आमचा दीडशे ग्रॅमचा फरक निघालाय. भिजलेला डायपर शंभर-दोनशे ग्रॅम सहज होतो. नुकतीच प्यायली असली तर ते वेगळं. घरी काटा आणून रोज वजन करायचा बेत नवऱ्याने केला होता, मी साफ नाही म्हटलं. रोज वजन करणाऱ्याला बाळाची वाढ कळत नाही, फक्त डायपरची कळते.

मग रोज बघायचं काय? पहिल्या महिन्यांत मी लघवी मोजायचे. दिवसाला सहाच्या वर ओली दुपटी म्हणजे दूध पुरतंय. आता बघते ती उत्साहाने उठते का, आजारपणानंतर खाणं परत येतं का, परवा जे येत नव्हतं ते आज करते का. मालिशवाल्या मावशींनी दुसऱ्या महिन्यातच निकाल दिला होता, "पोरगी रोड हाय, पन हाडापेरानं घट हाय बगा." कार्डातल्या रेघेचं याहून नेमकं वाचन मी तरी ऐकलेलं नाही.

त्याच मावशींनी एकदा, तिच्या पायांना तेल लावता लावता, सहज सांगितलं की त्यांची दोन बाळं वर्षाच्या आत गेली. एक जुलाबाने. दुसऱ्याचं कारणच कुणी सांगितलं नाही. त्यानंतर "वजन किती?" हा प्रश्न म्हाताऱ्या बायकांनी विचारला की मी चिडत नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांतली १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आला. ज्यांनी तो आधीचा काळ काढला, त्यांच्या लेखी बाळसं म्हणजे बँकेतली शिल्लक. जुलाब झाले, ताप आला, तर त्यातून काढून खाता यावं. त्यांच्या "बारीक वाटते गं"मध्ये भीती आहे, आणि ती भीती पुस्तकातून आलेली नाही. माझ्या वयाच्या बायकांना मात्र ही सवलत नाही. त्यांनी स्वतःच्या बाळाचा आकडा आधी ऐकवून मग माझा विचारला, की मी सरळ विषय बदलते.

आकडा बिनकामाचा आहे असं मात्र मी म्हणत नाही. लसीनंतर ताप आला की पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर देतात. किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे मैत्रिणीने सांगितलेला "अर्धा चमचा" आपल्या बाळाला चालेलच असं नाही. डॉक्टरांना फोन केला की ते पहिलं वाक्य तेच बोलतात, "शेवटचं वजन किती?" तिथे मी झटकन सांगते. आणि रेघ सपाट झाली, दोन महिने एकाच जागी थांबली, किंवा खालच्या रंगात उतरायला लागली, तर तो बाळसं धरण्याची वाट बघण्याचा प्रश्न राहत नाही, दवाखान्याचा होतो. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रोज बघणाऱ्या आईला तर नाहीच. त्यासाठीच ठिपके द्यायचे, दर महिन्याला, जमेल तर त्याच काट्यावर.

हा ताजा ७ किलो ३०० चा आकडाही शंभर ग्रॅम इकडेतिकडे धरा. सर्दीसाठी नेलं होतं, आणि बाईसाहेब बाळांच्या काट्यावर बसायलाच तयार नाहीत. बसवलं की काठ धरून उभ्या. शेवटी सिस्टरनी मला तिच्यासकट मोठ्या काट्यावर उभं केलं, मग तिला नवऱ्याकडे देऊन मला एकटीला. वजाबाकी नवऱ्याने मोठ्याने केली, वाट बघत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कोपऱ्यातल्या एका आजीबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिच्या वाटणीचं तूच खातीस व्हय गं?"