मधले पटल

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पेशीविभाजन दाखवणारी कांद्याच्या मुळाची स्लाइड हमखास येते आणि तिची खरी तयारी 3 दिवस आधी, जुनी वाळकी मुळे खरडून कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवतानाच सुरू होते. सकाळी कापलेली टोके आम्ही अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या 3:1 मिश्रणात टाकतो. पुढचे सारे विद्यार्थ्याच्या हातात असते: टोकाचे जेमतेम 2 मिलिमीटर ठेवायचे, ॲसिटोकार्मिन या लाल रंगाच्या थेंबात सुईच्या मागच्या टोकाने हलके ठोकायचे आणि टिपकागदावरून अंगठ्याने असे दाबायचे, की वरची काच तसूभरही सरकू नये. ती सरकली, की पेशी गुंडाळल्या जातात. मग 16 गुणसूत्रे मोजणे विसरावे.

त्या दिवशी एका मुलीने काढलेल्या अंत्यावस्थेच्या, म्हणजे पेशीविभाजनाच्या शेवटच्या टप्प्याच्या, आकृतीत दोन केंद्रके होती, त्यांना वेगळे करणारे मधले पेशीपटल नव्हते. बाह्य परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावताच 2 गुण कापले. "सर, दिसलं नाही म्हणून काढलं नाही," असे ती म्हणाली. आमच्याकडे असे उत्तर उद्धटपणात जमा होते. मी गप्प राहिले आणि सही केली.

ती गेल्यावर मी घाईत डोकावले. पटल खरोखरच दिसत नव्हते. प्राणिपेशीत परिकलविभाजनाची, म्हणजे पेशीद्रव्य दुभंगण्याची, खाच बाहेरून आत येते. वनस्पतिपेशीत पटल मध्यभागी सुरू होऊन कडांकडे वाढते, त्यामुळे काही काळ ते अपुरेच असते. शिवाय कार्मिन गुणसूत्रे रंगवते, पटल नव्हे. ती फिकट रेघ दिसायला सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम बराच मिटावा लागतो, आणि हे आम्ही वर्गात कधी सांगतच नाही. विभाजन अर्धवट असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ती टिकली नाही. पुढच्या महिन्यात रसायनशास्त्र विभागाकडून कॅफीन मागून मी काही मुळे त्याच्या 0.1 टक्के द्रावणात ठेवली, कारण कॅफीन केंद्रकाचे विभाजन होऊ देते, पटल मात्र पुरे होऊ देत नाही. मिळालेल्या द्विकेंद्रकी पेशींत दोन्ही केंद्रके टोकांना नव्हती, मध्यभागी एकमेकांना खेटून होती. मग मी कपाटातून तिची उत्तरपत्रिका काढली. तिच्या आकृतीतही केंद्रके खेटलेलीच आहेत; परीक्षेच्या दिवशी मला तो चित्रकलेचा दोष वाटला होता. परीक्षेचे कांदे मात्र साध्या नळाच्या पाण्यात वाढलेले होते, आणि तिची स्लाइड त्याच संध्याकाळी धुतली गेली.