बिडाचे डोळे आणि बर्फाचा नांगर: माझा अनुभव

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा पडलेला असतो: रात्री रस्त्यावर चमकणाऱ्या डोळ्याचं घर. नऊ-सव्वानऊ इंच लांब, सहा इंचांना थोडा कमी रुंद, वजन दोन-अडीच किलो. दोन्ही टोकांना उतार, मध्ये खोबण, आणि खोबणीत एकेकाळी प्लास्टिकची लेन्स होती. एप्रिलमध्ये तो मला रस्त्यापासून वीसेक फुटांवर, कडेच्या चरात सापडला. खरं तर तो रस्त्यात पक्का रुतलेला असायला हवा होता. तो बसवत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो, तपासनीस म्हणून.

मी कराडचा. सिव्हिल झाल्यावर पहिली दोन वर्षं साताऱ्याकडे रस्त्यांच्या कामांवर काढली. तिकडे या वस्तूला सगळे कॅट आय म्हणतात, टेंडरात रोड स्टड. काम सोपं. ड्रिलनं भोकं पाडायची, रेझिन ओतायचं, स्टडचे पाय दाबून बसवायचे, कडेनं वर आलेलं पुसून घ्यायचं. शत्रू म्हणजे ओव्हरलोड ट्रक. त्याहून मोठा शत्रू म्हणजे डांबराचा पुढचा थर, तो डोळ्यांसकट सगळं गाडून टाकतो. बर्फाशी संबंध महाबळेश्वरच्या गोळ्यापुरता.

पुढे अमेरिकेत, ओहायोत एम.एस. केलं आणि इथेच एका सल्लागार कंपनीत लागलो. ही कंपनी काउंट्यांना, म्हणजे इथल्या जिल्ह्यांना, बांधकामांवर तपासनीस पुरवते. आमचा भाग क्लीव्हलंडच्या पूर्वेला, एरी सरोवराच्या दक्षिण बाजूचा. सरोवर गोठेपर्यंत त्याच्या उबदार पाण्यावरून थंड वारा वाहतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यामागच्या चढावर बर्फ करून टाकतो. पश्चिमेला अर्ध्या तासावर लोक कोरड्या रस्त्यानं ऑफिसला चाललेले असतात आणि आमच्याकडे गाडी शोधायला फावडं लागतं.

त्या वर्षी एका दुपदरी रस्त्यावर नवा डांबरी थर टाकून झाला होता. लांबी साधारण ९ मैल. मधल्या पिवळ्या रेषेवर परावर्तक मार्कर बसवायचे होते आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. सरळ रस्त्यावर दर ८० फुटांवर एक, वळणांवर दर ४० फुटांवर एक, म्हणजे सातशेच्या आसपास नग. मला वाटलं, खंबाटकी घाटाखाली हे काम आपण केलेलंच आहे.

फोनवर अण्णांना सांगितलं की असे डोळे बसवायचे आहेत ज्यांच्यावरून हिवाळाभर नांगर फिरणार. ते म्हणाले, "आरं, रस्त्यावर नांगर कशाला फिरवत्यात?" समजावलं, की ट्रकच्या पुढे पोलादी पातं लावतात, त्याच्या धारेला कार्बाईड असतं आणि ते बर्फ खरवडून बाजूला लोटतं. थोडं थांबून ते म्हणाले, "म्हंजे रुतायचा न्हाय असा नांगर." सगळ्या कामाचा गाभा त्यांनी कराडात बसून सांगून टाकला होता. मला तो कळायला एप्रिल उजाडावा लागला.

हे डोळे मुळात हवेत कशाला? रात्री पाऊस पडतो किंवा बर्फ वितळतो तेव्हा रंगाच्या पट्ट्यावर पाण्याचा पातळ थर साचतो. पट्ट्यातले काचेचे मणी त्याखाली बुडतात आणि हेडलाइटचा उजेड गाडीकडे परतायच्या ऐवजी पाण्यावरून पुढे निसटतो. ऐन गरजेच्या वेळी रेषाच दिसेनाशी होते. मार्करची लेन्स पाण्याच्या वर राहते. तिच्यातले कोनाकृती प्रिझम आलेला उजेड आल्या दिशेनंच परत पाठवतात. ब्रिटनमध्ये पर्सी शॉ यांनी १९३४ साली असा डोळा रबरी गादीत बसवला होता. चाक गेलं की तो खाली दबायचा आणि दबताना स्वतःची काच पुसून घ्यायचा. कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. तिथे १९६६ मध्ये फ्रीवेवर बटणासारखे उंचवटे सक्तीचे झाले, पण फक्त बर्फ न पडणाऱ्या भागात. बर्फाच्या भागात तसलं चिकटवलेलं बटण पहिल्याच फेरीत पात्याबरोबर निघून जातं.

म्हणून इथे लेन्सला बिडाचं चिलखत घालतात. त्याच्या पोटाला दोन समांतर पाती असतात, ती रस्त्यात कापलेल्या खाचांत जातात. वरचा भाग रस्त्याच्या वर जेमतेम पाव इंच. दोन्ही टोकांना घसरगुंडीसारखा उतार. नांगराचं पातं त्या उतारावर चढतं, लेन्सच्या वरून जातं आणि पलीकडे उतरतं. पण एक अट आहे. उताराचं टोक रस्त्याच्या पातळीखाली असलं पाहिजे. केसभर जरी वर राहिलं तरी पात्याला चढायला उतार मिळत नाही, धडकायला कड मिळते.

आता प्रत्यक्ष काम. एका ट्रकच्या मागे हिऱ्याच्या करवतींचा संच असतो. तो खाली दाबला की मार्करच्या पोटाच्या पात्यांच्या मापाच्या खाचा एका दमात कापल्या जातात. करवत गार ठेवायला पाणी सोडतात, त्यामुळे खाचेत राखाडी राड साचते. मागून एक जण कंप्रेसरच्या हवेनं ती उडवतो. मग इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारं चिकटद्रव्य, नळीतून मिसळत खाचेत भरायचं, कास्टिंग म्हणजे बिडाचं चिलखत दाबायचं, कडेनं इपॉक्सी वर आलं का बघायचं. कास्टिंगला चार कान असतात. ते चारही रस्त्यावर टेकले की उंची आपोआप बरोबर येते. लेन्सवर इपॉक्सीचा थेंब उडाला तर लगेच पुसायचा. इपॉक्सी कडक होईपर्यंत गाड्या अडवायला शंकू लावून ठेवायचे.

वाचायला पाच ओळी लागतात. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर घासाघीस.

पहिला वाद जागेवरून झाला. रस्त्याचा थर दोन पट्ट्यांत टाकतात आणि ते पट्टे बरोबर मधोमध मिळतात. हा मधला जोड म्हणजे रस्त्याची सगळ्यात कच्ची जागा. तिथे खाच कापली तर डांबर कडेनं ढासळायला लागतं, बीड कितीही मजबूत असो. नकाशात मार्कर जोडापासून सरकवून दाखवले होते. करवतीवाल्याला मात्र जोडाची रेघ धरून जाणं सोयीचं, कारण ती डोळ्यांना दिसते. पहिल्या तासात नऊ खाचा जोडावर पडल्या. मी काम थांबवलं. फोरमन माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. खडूनं आखून देत होतो तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या देशात बर्फ पडतो का?" आमच्या देशात बर्फ काढत काढत लडाखपर्यंत रस्ते उघडे करतात हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दुसरा वाद वळणांचा. इथे मी थोडा अभ्यास केला होता आणि तो दाखवायची खुमखुमीही होती. २००४ साली इथे एक राष्ट्रीय पातळीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात निघालं की दुपदरी रस्त्यांवर सरसकट मार्कर बसवून रात्रीचे अपघात ठळकपणे कमी होत नाहीत आणि कमी रहदारीच्या रस्त्यांवर, जिथे वळणाची त्रिज्या अंदाजे ५०० मीटरपेक्षा कमी आहे, तिथे उलट वाढू शकतात. मला हे आधी पटलंच नाही. पण विचार करा: रस्ता लांबवर दिसायला लागला की माणूस पाय सैल सोडत नाही, वेग वाढवतो. शिवाय मधल्या डोळ्यांपासून लांब राहायला म्हणून कडेकडे सरकतो. आमच्या रस्त्यावर अशी दोन वळणं होती. मी लेखी विचारलं. डिझाइनवाल्यांनी आठवडाभर घेतला, मार्कर ठेवलेच, पण बाहेरच्या कडेला बाणांचे फलक जोडले. तपासनीसाच्या अधिकारात यापेक्षा जास्त बसत नाही.

तिसरा वाद हवेशी होता आणि तो मी हरलो.

आमच्या कामाची अट होती की हवा आणि रस्ता दोन्ही ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या वर असले पाहिजेत आणि रस्ता कोरडा हवा. ऑक्टोबर मध्याला इथे सकाळी दव असतं. आम्ही दहा-साडेदहापर्यंत कॉफी पीत बसायचो. मी दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर रस्त्यावर रोखायचो आणि सहा माणसं माझ्याकडे असं बघायची जणू थंडी मीच आणली आहे. दुपारी चारनंतर ऊन उतरायचं. म्हणजे दिवसाचे खरे तास पाचच.

शेवटून दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला पुढच्या कामावर जायची घाई होती. संध्याकाळी साडेचारला अजून अडतीस नग बाकी होते. झाडांच्या सावलीतला पट्टा, पारा नुकताच मर्यादेच्या खाली उतरलेला, खाचा नुकत्याच कापलेल्या आणि कंप्रेसर घाईघाईत फिरवलेला. मी बोट घालून बघितलं तर तळाला ओल लागली. म्हणालो, उद्या. फोरमननं त्याच्या वरच्याला फोन लावला, त्यानं माझ्या वरच्याला. दहा मिनिटांत निरोप आला: करू दे, नंबर लिहून ठेव, वसंतात बघू. मी नंबर लिहून ठेवले. अंधार पडला तरी इपॉक्सी नखानं दबत होतं. शंकू उचलले गेले आणि गाड्या सुरू झाल्या. काम थांबवायचा अधिकार माझ्याकडे कागदावर होता, आणि मी तो वापरला नाही. नऊ खाचांसाठी फोरमनशी भांडलो, पण अडतीस नगांसाठी साहेबाशी नाही.

जानेवारीत एका रात्री मी मुद्दाम काउंटीच्या प्लाऊमध्ये, म्हणजे नांगर लावलेल्या ट्रकमध्ये बसलो. परवानगी काढायला दोन अर्ज लागले. पहाटे तीनची पाळी, मागे मिठाचं ओझं, पुढे काचेवर येणारा बर्फ म्हणजे नुसती पांढरी भिरभिर. ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्यानं पात्याची कळ सांभाळत होता. मला वाटलं होतं मार्कर आला की धक्का बसेल. धक्का नव्हता, आवाज होता. टक्. मग काही क्षण खरवड. मग टक्. वळणावर टक्-टक् जवळजवळ यायला लागले तसा तो म्हणाला, "बर्फाखाली रस्ता कुठे आहे हे मला डोळ्यांनी कळत नाही. हे ऐकूनच कळतं." हा उपयोग कुठल्याही नियमावलीत मी वाचलेला नाही. परतीच्या फेरीत खरवडलेल्या पट्ट्यावर मिठाचं पाणी झालं होतं. पिवळी रेषा पूर्ण गायब होती आणि पिवळे ठिपके लांबपर्यंत ओळीनं उभे होते. त्यातले काही मिठाच्या चिखलानं मंद झालेले, काही दिसतच नव्हते.

झाडांच्या सावलीतल्या पट्ट्याशी टक् ऐवजी एकदा ठण्ण झालं. ड्रायव्हर म्हणाला, "हा सैल आहे." मी विचारलं, कसं कळलं? तो हसला. आमच्याकडे मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात, तसंच ते.

सैल मार्कर ही साधी गोष्ट नाही. रंगाचा पट्टा उडाला तर रेषा जाते. दोन-अडीच किलोचं बीड सुटलं आणि त्यावरून ट्रकचं चाक गेलं तर ते मागच्या गाडीच्या काचेवर येऊ शकतं. या भीतीपायी इथले कितीतरी इंजिनिअर बिडाच्या मार्करांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात. मी सकाळी साडेसहाला ऑफिसात पोचलो आणि ईमेल लिहिली. दोन दिवसांनी काउंटीच्या माणसांनी तो एक नग उपटून खड्डा थंड डांबरानं भरला. बाकीचे बर्फाखाली होते.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर मी आणि एक मदतनीस ९ मैल चाललो. हातात दोन पौंडी हातोडी, अंगात पिवळं जॅकेट, मागे बाणाचा दिवा लावलेली गाडी. प्रत्येक नगावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. भरीव आवाज आला तर पुढे. लेन्स फुटलेल्या, ओरखडलेल्या बऱ्याच निघाल्या, पण त्याचं काही वाटलं नाही. लेन्स ही बदलायचीच वस्तू आहे. बीड जागेवर असेल तर जुनी काढायची, खोबण साफ करायची, नवी चिकटवायची. सहाशेच्या वर नगांत सैल निघाले चार. त्या अडतिसांत मात्र अकरा पोकळ वाजले आणि दोन जागेवरच नव्हते. एकाचा पत्ता आजही लागलेला नाही. दुसरा चरात सापडला.

तो हातात घेऊन उलटा केला. पोटाच्या पात्यांना इपॉक्सी घट्ट धरून होतं, बिडाला ते कुठेच सुटलं नव्हतं. इपॉक्सीची बाहेरची बाजू मात्र गुळगुळीत, त्यावर राखाडी राडेचा पातळ पापुद्रा. डांबराचा एक कण त्याला चिकटलेला नव्हता. म्हणजे ते रस्त्याला कधी धरलंच नव्हतं, ओल्या राडेवर नुसतं गोठून बसलं होतं. फोटो काढून ऑक्टोबरच्या नंबरांच्या यादीसोबत जोडले. ठेकेदार आधी नांगरवाल्यांवर ढकलत होता. यादी बघितल्यावर बोलायचा थांबला.

मेच्या शेवटी तीच टोळी परत आली, स्वतःच्या खर्चानं. जुने खड्डे भरून नवे नग थोडे पुढे सरकवून बसवले. फोरमननं या वेळी स्वतःच बोट घालून खाच बघितली आणि कंप्रेसरवाल्याला दोनदा परत पाठवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही थर्मामीटर खिशातच ठेवला, बाहेर ७५ फॅरनहाइट होतं.

या शरदात मला दुसरा रस्ता दिलाय. तिथे बीड नाहीच. वॉशिंग्टन राज्याच्या डोंगरी भागात वापरतात तसे खाचेतले मार्कर. रस्त्यात लांबट, उतरती खाच खरवडायची आणि लेन्स तिच्यात पातळीखाली चिकटवायची. नांगर वरून निघून जातो, त्याला चढायलाही काही नाही आणि धडकायलाही. सुटून उडेल असं बीडच नाही. पण खाच पाण्यानं भरते, वाळूनं भरते, आणि लांबून येणारा उजेड लेन्सपर्यंत पोचावा म्हणून ती पुरेशी लांब खरवडावी लागते. किती लांब, यावरून पहिली बैठक आत्ताच गरम झाली आहे. खाच खरवडली की तिथेही राड होणार, आणि ऑक्टोबरही येणारच. बैठकीला जाताना मी तो चरात सापडलेला तुकडा बॅगेत घालून नेतो. जड आहे, पण टेबलावर ठेवला की "उद्या" म्हणायला सोपं जातं.