जळगावच्या पडद्यावर जपानी चित्रपट

'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट १८ जुलै २०२५ रोजी जपानमध्ये आणि १२ सप्टेंबरला भारतात प्रदर्शित झाला. मूळ जपानीबरोबरच तो हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही आला, आणि माझ्या मते आपल्याकडच्या यशाचे खरे मर्म तिथेच आहे. जळगावला मी तो हिंदीत पाहिला, तेव्हा शेजारी भुसावळहून आलेली कॉलेजची मुले बसली होती. चित्रपटातला खलनायक अकाझा याचे पूर्वायुष्य उलगडू लागले तसा त्यांचा अहिराणीतला गलका पार थांबला आणि एकाने गुपचूप डोळे पुसले. खलनायकाच्या दुःखाला इतका अवधी देणारा अडीच तासांहून मोठा चित्रपट गर्दी खेचतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

या यशाची पायाभरणी आधीच झाली होती. याच मालिकेतल्या 'मुगेन ट्रेन'ने २०२० मध्ये जपानमधील कमाईचा 'स्पिरिटेड अवे' या जपानी अ‍ॅनिमेशनपटाचा १९ वर्षे टिकलेला विक्रम मोडला आणि २०२१ मध्ये तिथे ४० अब्ज येनचा टप्पा ओलांडला. भारतात मात्र वाट चाहत्यांनीच काढली: जपानी दिग्दर्शक माकोतो शिन्काई यांचा 'वेदरिंग विथ यू' २०१९ मध्ये इथल्या चित्रपटगृहांत आला, तो हजारो प्रेक्षकांनी सह्या करून मागणी लावून धरली म्हणून. आता असा एखादा चित्रपट मराठीतही यावा, अशी माझी वितरकांना कळकळीची विनंती आहे, कारण खान्देशातल्या लहान गावांतली पोरे तो नक्की डोक्यावर घेतील.