वारीत हजेरी नसते

दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली, वळकटी ट्रकमध्ये टाकली की तुम्ही वारकरी. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटर. त्यातलं किती पायी गेलात आणि किती टेम्पोत बसून, हे विणेकरी विचारत नाहीत, चोपदार तर नाहीतच. दिवेघाटात फोटो काढून संध्याकाळी पुण्याला परतणाराही 'माउली'च असतो. ऑफिसात प्रत्येक तासाचा हिशेब देणाऱ्या माझ्यासारख्याला सुरुवातीला याची मजा वाटली. मग हळूहळू ते जड जायला लागलं, कारण दुसरं कुणी हिशेब मागत नसलं की तो आपला आपल्यालाच मांडावा लागतो.

निघताना मी ज्याला जे पटेल ते कारण सांगितलं होतं. साहेबांना म्हटलं, मोठा ट्रेकच समजा. आईला म्हटलं, तुझे पाय आता चालत नाहीत, तुझ्या नावानं मी चालतो. मित्रांना सांगितलं, देवाधर्माचं माहीत नाही, पण एकदा अनुभव घ्यायचाय. हे तिसरं वाक्य तर हल्ली पुण्यात फार चालतं. तिन्हींत थोडं थोडं खरं होतं, म्हणून तिन्ही बोलताना जीभ अडखळली नाही.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर. त्यात बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' काय असतं ते तिथे कळतं: केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी, पुन्हा केळी. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. माणसांना मात्र आहेत तेच पाय. वर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात जीपमध्ये बसण्याची तीन-चार कारणं तयार होती, अगदी कुणी विचारलंच तर सांगायला. विचारणार कोण होतं?

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या. जेजुरीच्या पुढे विसाव्याला त्या माझ्या शेजारी बसल्या आणि चपला काढून टाचेच्या भेगेत बोटानं मलम दाबत म्हणाल्या, "वाल्ह्यापस्तोर चालते. म्होरं ट्रकात बसनार. गुडघं न्हाई म्हणाया लागलं."

"दरवर्षी बसता?"

"मागल्या साली बी बसले. त्यात लपवायचं काय?"

मग मला विचारलं, "तू कशापायी आलास, बाबा?" मी आईचं कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी आपलं सहज त्यांना उलट विचारलं. वाटलं, नवस किंवा माळ असं काहीतरी निघेल.

"सून धड बोलत न्हाई. घरात करमत न्हाई. तेवढंच म्हैनाभर भाईर पडते." मलमाची डबी पदरात बांधली. "इठ्ठल हायेच की. पर खरं ते खरं."

इतकं सरळ उत्तर मी कुणाला दिलं असतं, तर निदान आधी थोडी प्रस्तावना केली असती.

लोणंदला समाजआरती नीट पाहिली. तळावर पालखी येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप उंचावतात आणि लाखभर माणसं एका क्षणात गप्प होतात. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ चालू राहतात. त्या संध्याकाळी एका दिंडीचे वाजत राहिले. चोपदार गेले, ऐकून घेतलं, मग तेही थांबले. नंतर हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आरती. तक्रार करणाऱ्याला कुणी वाईट म्हटलं नाही आणि त्यानंही तक्रार भक्तीत गुंडाळून मांडली नाही. मला सगळ्या वारीत ही पद्धत सगळ्यात जास्त आवडली, रिंगणापेक्षाही.

रात्री तंबूत झोप येईना. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आमच्याकडे असते. रात्री दोनदा उठवायचं, गोळ्या, बेडपॅन, तिचं तेच तेच विचारणं. मी करतो, मनापासून करतो. पण तिच्या नावानं चालतोय हे अर्धंच होतं. मला तिच्यापासून सुट्टी हवी होती. हे वाक्य मनातल्या मनातसुद्धा मी तोवर कधी पूर्ण केलं नव्हतं. पूर्ण केल्यावर वीज वगैरे पडली नाही. बाजूचे काका घोरतच होते.

फलटणहून ताईला फोन केला. माझ्यामागे आईजवळ तीच राहायला आली होती. तिला जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग चिडलीच. "मग तसं सांगायचं ना! वारीचं नाव काढलंस म्हणून मी रजा टाकून धावत आले. थकलो म्हणाला असतास तर आले नसते का?" तिचं बरोबर होतं. आणि माझ्या पोटात जरा गलबललंही, कारण ती नक्की आली असती याची मला तेव्हा खात्री नव्हती. तेही तिला सांगून टाकलं. यावर आमचं पंधरा मिनिटं भांडण झालं. शेवटी ठरलं की दिवाळीनंतर आई महिनाभर तिच्याकडे.

पंढरपुरात पोचलो तेव्हा दर्शनाची रांग गावाबाहेर गेली होती. चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीशी माथा टेकवला, कळस पाहिला. पुष्कळ वारकरी तेवढ्यावरच परत फिरतात. संध्याकाळी आईचा फोन.

"दर्शन झालं का रे?"

"कळसाचं झालं."

"रांगेत नाही उभा राहिलास?"

"नाही. पाय दुखत होते. आणि खरं सांगू का, कंटाळाही आला."

"बरं," ती म्हणाली, "मग चुरमुरे जरा जास्त घे. मागे शेजारच्यांना पुरले नव्हते. आणि बुक्का ओला नाहीये ना, ते बघून घे."