ओव्हरटाइम सिम्युलेटर: गोली कधी काढायचा, थोडं हाती लागलं

आइस हॉकीत बरोबरी असताना ओव्हरटाइममध्ये गोलकीपर (गोली) काढून त्याच्या जागी एक जादा खेळाडू कधी उतरवायचा, ते शोधायला मी सिम्युलेटर बनवतोय. सुटलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये गोलीचा बेंचपर्यंतचा प्रवास टाकला होता तेव्हापासून सिम्युलेटर हटूनच बसला होता, गोली काढूच नका, कधीच नका. त्याआधी म्हणत होता कायम काढा. म्हणजे आधी सगळे कोच भित्रे आणि मग सगळे शहाणे, मधलं काही नाहीच.

प्रवासाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो काढणार नाही. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग, तिच्या ओव्हरटाइममध्ये दोन्हीकडे गोली सोडून तीन-तीनच खेळाडू (थ्री-ऑन-थ्री), आणि टीम बाजू बदलून खेळतात, लाँग चेंज, त्यामुळे आपलं नेट आपल्या बेंचपासून लांब. नवीन खेळाडू आत यायला गोली बेंचच्या पाच फुटांत पोचायला हवा, आणि तेवढ्या वेळात तुम्ही तिघंच आणि मागे नेट उघडं. तिथे एक पास चुकला की खेळ खल्लास, वर बरोबरीचा मिळालेला पॉइंटपण जातो.

त्यामुळे हिशोब तोच जुना: जिंकलं तर दोन पॉइंट, शूटआउटमध्ये (ओव्हरटाइममध्येही गोल झाला नाही तर एकेकाने गोलीसमोर मारायचं) हरलं तर एक, गोली काढून गोल खाल्ला तर शून्य. शूटआउट ५०-५० धरलं तर गोली काढल्यावर आपण गोल मारायची शक्यता खायच्या शक्यतेच्या तिप्पट लागते. शूटआउट आपण ३० टक्केच जिंकत असू तर दुपटीच्या जरा आतच भागतं. आणि एका पॉइंटने काही होणारच नसेल तर मारायची शक्यता खायच्या शक्यतेपेक्षा नुसती जास्त असली की बास. मिनेसोटा वाइल्ड या टीमने मार्च २०२४ मध्ये वेगासविरुद्ध हेच केलं, प्लेऑफसाठी धडपड चालू होती, गोली काढला आणि मॅट बोल्डीने गोल मारला. माझा सिम्युलेटर त्या परिस्थितीतही 'नको' म्हणत होता, तिथेच डोकं फिरलं.

मग सिम्युलेटरमधली एकेक शिफ्ट (खेळाडूंची बर्फावरची एक पाळी) प्रिंट करून वाचत बसलो. चार विरुद्ध तीन चालू, समोरचे तिघं दमलेले, त्यांनी पक (खेळायची चकती) लांब भिरकावला, आणि शिट्टीच नाही! आरामात खेळाडू बदलले. मी जी फुकटची लायब्ररी वापरतोय ती नुसती डोकी मोजते, तीन असले की पेनल्टी किल (शिक्षेमुळे खेळाडू कमी असताना बचाव) समजून आयसिंग माफ. आयसिंग म्हणजे आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावणं, त्यावर खेळ थांबतो. पण गोली काढला म्हणून समोरची टीम शॉर्टहँडेड (शिक्षेमुळे खेळाडू कमी) होत नाही ना, आयसिंग लागू आहे. (त्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन म्हणजे आनंदच आहे, त्यापेक्षा स्प्रेडशीट बरी.) एक अट बदलली आणि चित्रच पालटलं. आता उघड्या नेटवर लांबून मारलेला शॉट हुकला की आयसिंग, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) त्यांच्याच झोनमध्ये, तेच दमलेले तिघं बर्फावर. एका पॉइंटने भागत नाही, पूर्ण दोन हवेत अशा टीमसाठी आता 'काढा' येतंय. तिपटीच्या केसमध्ये अजून नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं, चालू खेळात गोली काढायचाच कशाला? समोरच्यांनी आधी थ्री-ऑन-थ्रीमध्ये आयसिंग केलं की खेळ थांबलेलाच असतो, गोली निवांत बेंचवर जाईल, प्रवासाचा धोका शून्य. आयसिंग करणाऱ्याला खेळाडू बदलता येत नाहीत, २०१७-१८ पासून टाइमआउटही घेता येत नाही, आणि २०१९-२० पासून फेसऑफ कुठल्या बाजूला घ्यायचा तेही आपणच ठरवतो. आपणपण टाइमआउट घ्यायचा नाही, उगाच त्यांना श्वास मिळेल. असा मोका फारसा येणार नाही, थ्री-ऑन-थ्रीत पक कोण फुकट सोडतंय, पण आला तर सोडू नये असं मला वाटतं.

तेव्हा गोली कितव्या सेकंदाला काढायचा तो चार्ट सध्या बाजूला. आधी फेसऑफचं मॉडेल, कारण तो हरलो तर सगळंच मुसळ केरात. अडचण अशी की लीगच्या पब्लिक प्ले-बाय-प्लेमध्ये (मॅचमधल्या घटनांची नोंद) फेसऑफ कोणी जिंकला ते मिळतं, पण पुढे पक नक्की कोणाच्या काठीवर गेला ते नाही. जुन्या मॅचचे व्हिडिओ बघून हातानेच टिपावं लागेल असं दिसतंय. कोणी आधीच टिपून ठेवलं असेल तर फाईल द्या राव.